नारिंग, ओरांज, पोर्तोकाली, अपेल्सीन: एका फळाच्या युरोपीय नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'ऑरेंज हा शब्द आपल्याकडून गेला म्हणतात, ते खरं का?' या प्रश्नापासून पत्रं यायला लागली आणि मग थांबलीच नाहीत. युरोपात नोकरीला असलेले, तिथली एखादी भाषा शिकणारे, मुलांचा गृहपाठ घेऊन बसलेले आई-बाबा, असे बरेच जण थोड्याफार फरकाने तेच विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी आणली आहेत. सुरुवात सोपी आहे, गुंता पुढे वाढत जातो. परक्या शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत.

१. 'ऑरेंज' खरंच संस्कृतातून गेलेला शब्द आहे का?

हो, आणि याबद्दल भाषाशास्त्रात फारसा वाद नाही. संस्कृतात नारङ्ग, फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबीत 'ग' हा ध्वनी नसल्यामुळे शेवटचा 'ग' तिथे 'ज' झाला. अरबीतून स्पॅनिशमध्ये नारान्खा, इटालियनमध्ये अरान्चा, पुढे फ्रेंचमध्ये ओरांज आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ऑरेंज. आपले नारिंग आणि नारिंगी याच मुळाचे. साडीच्या दुकानात एक बाई 'ऑरेंज कलर' मागते आणि दुसरी 'नारिंगी रंग' मागते, तेव्हा दोघी एकच शब्द बोलत असतात. एकीचा शब्द इथलाच, दुसरीचा इराण, अरबस्तान, इटली, फ्रान्स आणि इंग्लंड असा फिरून परत आलेला.

२. मग संस्कृतात तो कुठून आला?

बहुधा दक्षिणेकडून. तमिळमध्ये नारत्तै, तेलुगूत नारिंज, मल्याळममध्ये नारंगा असे शब्द आहेत. तमिळमधल्या 'नऱु', म्हणजे सुवासिक, या शब्दाशी त्यांचा संबंध जोडला जातो. ज्या फळाची साल नखाने खरवडली तरी खोलीभर वास सुटतो, त्याला 'सुवासिक फळ' म्हणणं मला तरी पटतं. एक गंमत लक्षात ठेवा: केरळात नुसतं 'नारंगा' म्हटलं की लिंबू समोर येतं. नारंगावेळ्ळम म्हणजे लिंबूपाणी. लिंबूवर्गातल्या फळांची नावं एकमेकांकडे अशी सर्रास जातात, आणि पुढे युरोपातही हेच घडलेलं दिसेल (प्रश्न ११).

संस्कृतात नागरङ्ग असंही एक रूप आहे. त्यावरून 'हत्तीने इतकी नारिंगं खाल्ली की तो मेला, म्हणून हे नाव' अशी गोष्ट सगळीकडे फिरते. गोष्ट म्हणून छान आहे, व्युत्पत्ती म्हणून तिला आधार नाही.

३. नारिंग आणि नारळ यांचं नातं आहे का?

नाही. नारळ नारिकेलपासून आला. दोन्ही शब्द संस्कृतात दक्षिणेकडून आले असावेत असं मानतात, एवढंच साम्य.

४. शेजारशेजारच्या देशांत या फळाची नावं इतकी वेगळी का? फ्रान्समध्ये एक, हॉलंडमध्ये दुसरं, ग्रीसमध्ये तिसरंच!

कारण युरोपात हे फळ एकदा नाही, दोनदा पोचलं. हे ध्यानात आलं की बाकीच्या बऱ्याच गाठी सुटतात.

पहिल्यांदा आलं ते कडू नारिंग. अरबांनी ते दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास सिसिली आणि स्पेनमध्ये नेलं. कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीच्या अंगणाला आजही 'नारिंगांचं अंगण' म्हणतात आणि सेव्हिलच्या रस्त्यांवर याच कडू नारिंगांची झाडं दुतर्फा उभी आहेत. हे फळ सोलून खायचं नव्हे. त्याचा मुरंबा करायचा, रस स्वयंपाकात आंबटपणासाठी वापरायचा, फुलांचं अत्तर काढायचं.

गोड नारिंग आलं त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून जिनोवाच्या आणि मुख्यतः पोर्तुगालच्या व्यापाऱ्यांनी ते आणलं. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीतल्या नोंदींत मोंबासाची नारिंगं पोर्तुगालमधल्यांपेक्षा कितीतरी चांगली असल्याचा उल्लेख आहे. हिंदी महासागराच्या काठावर जे फळ लोक रोज खात होते, ते पाहून या खलाशांना नवल वाटलं होतं.

आता नावं पाहा. काही भाषांनी कडू फळाचंच जुनं नाव गोड फळाला लावलं: स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच, इंग्रजी, क्रोएशियन (नारान्चा), हंगेरियन (नॉरॉन्च). काहींनी त्याला 'पोर्तुगाल' म्हटलं (प्रश्न ८). काहींनी 'चिनी सफरचंद' म्हटलं (प्रश्न ९). आणि काहींनी जुन्या नावापुढे 'पोम' जोडलं (प्रश्न १०). युरोपचा नकाशा घेऊन या चार नावांचे चार रंग भरले, तर हे फळ कोणत्या बंदरातून कुठे गेलं त्याचा नकाशा आपोआप तयार होतो.

५. नारंज, नारान्खा यांच्यातला 'न' ऑरेंजमध्ये कुठे गेला? 'अ नॉरेंज'चं 'ॲन ऑरेंज' झालं, असं इंग्रजीच्या सरांनी सांगितलं होतं.

सरांनी सांगितलेली क्रिया खरी आहे, फक्त ती इंग्लंडमध्ये घडली नाही. शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात आला तेव्हा त्यातला 'न' आधीच गळालेला होता. तो गळाला इटलीत आणि फ्रान्समध्ये. तिथेही 'एक' या अर्थाचा शब्द 'न'ने संपतो. 'उन नारांचो' भरभर म्हणून पाहा: दोन 'न' एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की 'न' पुढच्या शब्दाचा नसून मागच्याच शब्दाचा आहे. व्हेनिसच्या बोलीत हा 'न' टिकला. तिथे नारान्झा म्हणतात.

इंग्रजीत हे खरोखर घडलेले दोन शब्द आपण मराठीत रोज वापरतो. क्रिकेटचा अंपायर पूर्वी 'नंपायर'सारखा काहीतरी होता, आणि स्वयंपाकघरातला ॲप्रन हा 'नॅप्रन' होता. त्यांचा 'न' मात्र खुद्द इंग्रजांनीच हरवला.

६. आणि सुरुवातीचा 'ओ'? अरान्चाचं ओरांज कसं झालं?

फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात, लॅटिनमध्ये 'आउरुम'. पिवळंधमक फळ पाहून लोकांच्या मनात सोनं आलं आणि शब्दाचा पहिला स्वर तिकडे झुकला, असं सहसा सांगतात. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तर या फळाला 'आउरांतियुम' असं सरळ सोनेरी नावच मिळालं, आणि कडू नारिंगाच्या शास्त्रीय नावात ते आजही आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज या गावाच्या नावाचाही थोडा हात असू शकतो. त्या गावाबद्दल प्रश्न १२ मध्ये.

७. पोर्तुगीजमध्ये 'लारांझा' का? 'न'चा 'ल' कसा होईल?

मराठी माणसाला तरी हा प्रश्न पडू नये! संस्कृत निम्बचा आपण लिंब केला, म्हणूनच कडुलिंब. नवनीतचं लोणी केलं. उलट दिशेनेही गेलो: लाङ्गलचा नांगर झाला. 'न' आणि 'ल' म्हणताना जिभेचं टोक जवळजवळ एकाच जागी टेकतं, त्यामुळे ते एकमेकांची जागा सहज घेतात. एका शब्दात दोन 'न' जवळ आले की त्यातला एक बदलण्याची ओढ आणखी वाढते. नारांझाचं लारांझा झालं ते असं. बास्क भाषेत आणि माल्टाच्या भाषेतही 'ल'च आहे.

८. ग्रीक पोर्तोकाली, रुमेनियन पोर्तोकाला, बल्गेरियन पोर्तोकाल: यात खरंच पोर्तुगाल देश आहे का?

खरंच आहे. गोड नारिंग पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत येऊ लागलं आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व बाजूला त्याला देशाचंच नाव पडलं. अल्बेनिया आणि तुर्कस्तानातही तेच. इटलीत प्रमाणभाषा अरान्चा म्हणते, पण नेपल्सच्या बोलीत पुर्तुआल्लो हा शब्द आहे.

या गटातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे दोन नावांची वाटणी. ग्रीकमध्ये गोड फळ पोर्तोकाली आणि कडू फळ नेरांत्झी. अरबीत गोड बुर्तुकाल, कडू नारंज. फारसीतही तसंच. ज्या दोन भाषांनी आपला नारंग पश्चिमेला पोचवला, त्यांनीच गोड फळासाठी नवं नाव घेतलं आणि जुनं नाव कडू फळापुरतं ठेवलं.

खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र कोणी पोर्तुगाल खात नाही. तिथे लारांझाच. आपण मोसंबी म्हणतो ते मोझांबिकवरून आलं असं मानतात, पण मोझांबिकमधला माणूस त्या फळाला स्वतःच्या देशाचं नाव कशाला देईल?

९. मुलगी ॲमस्टरडॅमला असते. तिथे फळाला 'सीनासअप्पल' आणि रंगाला 'ओरान्ये'. एकाच वस्तूचे दोन शब्द कसे?

'सीना' म्हणजे चीन, 'अप्पल' म्हणजे सफरचंद. चीनचं सफरचंद. जहाजं गोड नारिंग घेऊन ॲमस्टरडॅम आणि हॅम्बर्गच्या बंदरांत आली आणि तिथून हे नाव उत्तरेला पसरलं. उत्तर जर्मनीत आप्फेल्झीने, बेल्जियमच्या डच भागात अप्पल्सीन, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये थोड्या फरकाने तेच, आइसलँडमध्ये आप्पेल्सीना, फिनलंडमध्ये आप्पेल्सीनी, रशिया आणि युक्रेनमध्ये अपेल्सीन. बाल्टिक समुद्राभोवतालच्या एस्टोनिया, लात्विया, लिथुआनियातही हाच शब्द. जर्मनीच्या दक्षिणेत मात्र फ्रेंच वळणाचं ओरांजे चालतं, आणि आता ते उत्तरेतही बरंच ऐकू येतं.

सफरचंद कशाला, असंही पुष्कळ जण विचारतात. युरोपात सफरचंदाचा शब्द कोणत्याही गोल फळाला लावायची जुनी रीत आहे. बटाटा डचमध्ये 'मातीतलं सफरचंद', इटलीत टोमॅटो 'सोन्याचं सफरचंद'. आपण सीताफळ, रामफळ, जायफळ म्हणताना जे काम 'फळ'कडून करून घेतो, तेच काम तिथे 'अप्पल' करतो.

चीनचं नाव अटलांटिकपलीकडेही गेलं. पोर्टो रिकोत स्पॅनिश बोलतात, तरी तिथे या फळाला नारान्खा न म्हणता 'चीना' म्हणतात.

रंगासाठी मात्र उत्तरेतल्या बहुतेक भाषांनी फ्रेंचचा शब्द उचलला. रशियन माणूस अपेल्सीन खातो आणि त्याचा रंग 'ओरांझेवी' सांगतो. आइसलँडच्या लोकांनी तसं केलं नाही; ते आपल्याच फळाच्या नावावरून 'आप्पेल्सीनापिवळा' म्हणतात. डच 'ओरान्ये'ला आणखी एक अर्थ आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

१०. पोलिश पोमारांचा, चेक पोमेरांच. सुरुवातीचं 'पो' कुठून आलं?

तेही सफरचंदच. लॅटिन 'पोमुम' म्हणजे फळ. इटालियनमध्ये पोमो आणि अरान्चा एकत्र आले, जर्मनने त्याचं पोमेरांत्से केलं, आणि तिथून पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेनियन असा तो पूर्वेकडे गेला. जर्मन आणि स्वीडिशमध्ये हा शब्द आजही फक्त कडू नारिंगासाठी आहे, तर पोलंडमध्ये बाजारातल्या गोड फळासाठी. जर्मन आणि पोलिश दोन्ही शिकत असाल तर इथे हमखास चूक होते.

११. स्पॅनिश शिकतोय. बार्सिलोनात 'तारोंझा' ऐकलं, स्पॅनिश पुस्तकात 'तोरोन्खा' म्हणजे दुसरंच फळ दिलंय. नक्की काय?

दोन्ही बरोबर. बार्सिलोनात कातालान बोलतात, आणि त्या भाषेत तारोंझा म्हणजे आपलं हे गोड नारिंग. स्पॅनिशमध्ये तोरोन्खा म्हणजे ग्रेपफ्रूट. दोन्ही शब्द अरबी तुरुंजपासून आले, आणि तुरुंज मूळचं तिसऱ्याच फळाचं नाव: महाळुंगाचं. तुर्कीतही त्यातून आलेला तुरुंच हा शब्द कडू नारिंगाला लागला. नारंगपासून आलेले शब्द एकीकडे आणि तुरुंजपासून आलेले दुसरीकडे ठेवा. शेवट सारखा ऐकू येतो म्हणून ते एकाच घरातले समजू नका.

१२. हॉलंडच्या राजघराण्याला 'ऑरेंज' म्हणतात ते या फळावरून का?

नाही, आणि यावर शंभर टक्के खात्रीने सांगता येतं. दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या खोऱ्यात ओरांज नावाचं गाव आहे. रोमन काळात त्याचं नाव अराउसिओ होतं, आणि ते तिथल्या एका केल्टिक जलदेवतेवरून आलं असं मानतात. इसवी सन पूर्व १०५ मध्ये रोमन सैन्याचा प्रचंड पराभव याच गावाजवळ झाला. युरोपात तेव्हा नारिंगाचं झाडही नव्हतं. पुढे बोलीभाषेत गावाचं नाव घासत घासत ओरांज झालं, तिकडे फळाचं नावही दुसऱ्या वाटेने ओरांजवर येऊन पोचलं, आणि दोघांची गाठ पडली.

हे गाव म्हणजे एक छोटं संस्थान होतं. १५४४ मध्ये ते वारसाहक्काने नासाऊ घराण्यातल्या अकरा वर्षांच्या विल्यमकडे आलं. स्पेनविरुद्ध डच लोकांच्या लढ्याचा पुढे जो नेता झाला, तोच हा विल्यम ऑफ ऑरेंज. नाव जुळल्यामुळे घराण्याने रंगही तोच घेतला. आज २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी सगळा देश नारिंगी कपड्यांत दिसतो, फुटबॉल संघाचा पोशाख तोच, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचं नावही याच घराण्यावरून १७७९ मध्ये ठेवलेलं. गाव मात्र १७१३ च्या तहानंतर फ्रान्सकडे गेलं.

'गाजरं नारिंगी झाली ती डच शेतकऱ्यांनी या राजपुत्राच्या सन्मानार्थ केली' ही गोष्टही दर महिन्याला कोणीतरी पाठवतं. नारिंगी गाजराची लागवड हॉलंडमध्ये वाढली हे खरं. सन्मानाच्या भागाला त्या काळातला पुरावा नाही.

१३. आधी रंगाचं नाव की आधी फळाचं?

फळाचं. इंग्रजीत ऑरेंज हे फळ चौदाव्या शतकापासून आहे, रंग म्हणून तो शब्द सोळाव्या शतकात येतो. त्याआधी काम 'पिवळा-तांबडा'वर चालायचं. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर एका कोल्ह्याचं वर्णन करताना त्याचा रंग 'पिवळ्या आणि तांबड्याच्या मधला' असं सांगतो. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असते, तरी इंग्रजीत तो 'लाल छातीचा' आहे, कारण त्याला नाव पडलं तेव्हा वेगळा शब्दच नव्हता. आपल्याकडे केशरी आणि भगवा आधीपासून होते, त्यामुळे नारिंगीवर तितकं अडलं नाही.

१४. मग संत्रं म्हणजेच ऑरेंज ना?

शब्दकोशात हो, झाडावर नाही. युरोपात ओरांज किंवा अपेल्सीन म्हणून जे मिळतं, ते घट्ट सालीचं, सुरीने कापायचं फळ. आपल्याकडे त्याचं सख्खं भावंड मोसंबी. जालन्याची मोसंबी आणि स्पेनचं गोड नारिंग वनस्पतिशास्त्रात एकाच जातीचे. नागपूरचं संत्रं, ज्याची सैल साल बोटांनी सहज निघते, ते मँडरिन जातीतलं. म्हणून युरोपातल्या दुकानात नागपुरी चवीच्या जवळचं काही हवं असेल तर मँडरिन किंवा क्लेमेंटाइन मागा. ऑरेंज मागितलंत तर मोसंबीच्या भावकीतलं काहीतरी हाती येईल आणि 'इथल्या संत्र्यांना साल का चिकटते' असं पत्र मला येईल. अशी पत्रं खूप येतात.

१५. 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, असं वाचलं. खरं का?

हे मत जुनं आहे आणि बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं. मला ते पटत नाही. बाबर १५२६ नंतर हिंदुस्थानातल्या फळांचं वर्णन लिहितो, त्यात 'संगतरा' आहे, आणि तो त्याला या देशाचं फळ म्हणूनच मोजतो. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. पंधरा-वीस वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव उत्तर हिंदुस्थानात इतकं रुळणं अगदी अशक्य नाही, पण अवघड आहे. आवाज जुळतो एवढ्यावर व्युत्पत्ती मान्य करायची नसते, हे ओरांज गावाच्या उदाहरणातही दिसलं (प्रश्न १२).

१६. युरोपातल्या भाषांत नागपुरी संत्र्याच्या भाऊबंदांना काय म्हणतात? त्या नावांतही काही आपलं आहे का?

टँजरीन हे मोरोक्कोच्या टँजिअर बंदरावरून. क्लेमेंटाइन हे अल्जीरियात फळबाग सांभाळणाऱ्या क्लेमाँ नावाच्या फ्रेंच धर्मबंधूवरून. आणि सगळ्यांत सर्वदूर पसरलेलं नाव म्हणजे मँडरिन. फ्रेंच, जर्मन, स्वीडिश, रशियन, पोलिश, सगळीकडे जवळजवळ तेच.

मँडरिन म्हणजे आधी चीनचा बडा सरकारी अधिकारी. फळाला हे नाव त्या अधिकाऱ्यांच्या झग्याच्या रंगावरून पडलं की नुसतं चीनचं फळ म्हणून, यावर एकमत नाही. पण अधिकाऱ्याला मँडरिन का म्हणत, ते ठाऊक आहे. चिनी लोक त्यांना असं काही म्हणत नव्हते. पोर्तुगीजांनी हा शब्द मलायात ऐकला: मलय भाषेत 'मंतेरी', म्हणजे राजाचा सल्लागार. मलयमध्ये तो आला संस्कृत मन्त्रिन्-पासून. पोर्तुगीजमध्ये 'हुकूम देणे'ला 'मांदार' म्हणतात, त्याच्या ओढीने 'मंतेरी'चा 'मांदारीं' झाला. वॉर्सात किंवा पॅरिसमध्ये कोणी मँडरिन सोलत असेल, तर त्या फळाच्या नावात आपला मंत्री बसलेला आहे.